राहावे की निघावे? स्कॉटलंडचा कौल

एकत्र कुटुंबातील एखादा भाऊ वेगळी चूल मांडण्याची भाषा बोलू लागला, म्हणजे घरात दोन हिशेब सुरू होतात. एक पैशाचा आणि दुसरा मानाचा. राष्ट्रांचेही पुष्कळदा असेच घडते. एखाद्या देशाने मोठ्या राजकीय ऐक्यात राहावे की त्यातून बाहेर पडावे, हे समजून घेण्यास स्कॉटलंडचे उदाहरण फार उपयुक्त आहे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थ्यांना ते विशेष जवळचे का वाटावे, हे पुढे दिसून येईलच.

इ. स. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हा इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक झाला, तरी दोन्ही पार्लमेंटे वेगळीच राहिली. पुढे १६९८ ते १७०० या काळात पनामाच्या संयोगभूमीवर डेरियन येथे वसाहत स्थापण्याचा स्कॉटिश लोकांचा प्रयत्न साफ फसला. अनेक माणसे दगावली आणि देशातील भांडवलाचा मोठा भाग बुडाला. अशा ओढगस्तीच्या काळात ऐक्याचा करार झाला व तो १ मे १७०७ रोजी अमलात आला. स्कॉटलंडला इंग्लंडशी व त्याच्या वसाहतींशी मुक्त व्यापार करता येऊ लागला, तसेच ३,९८,०८५ पौंडांची भरपाईही मिळाली. कायदा, धर्मसंस्था आणि शिक्षणपद्धती या गोष्टी मात्र त्याने आपल्या हाती राखल्या. एडिंबरोच्या रस्त्यांवर या कराराविरुद्ध दंगे झाले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तात्पर्य, हे ऐक्य प्रतिनिधींनी घडविले. सामान्य जनतेस कोणी विचारले नव्हते.

कालांतराने स्वायत्ततेची मागणी बळावली. १९९७ च्या सार्वमतानंतर १९९९ मध्ये एडिंबरो येथे पुन्हा पार्लमेंट भरू लागले. २०१२ च्या ऑक्टोबरात ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन व स्कॉटलंडचे प्रथम मंत्री ॲलेक्स सॅमंड यांनी करारावर सह्या केल्या, आणि स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा काय, हा प्रश्न प्रथमच थेट जनतेपुढे आला.

दोन्ही पक्षांपाशी वजनदार युक्तिवाद होते. वेगळे होऊ इच्छिणारे म्हणत, "आम्ही मत एकाला देतो आणि लंडनमध्ये राज्य दुसराच करतो. उत्तर समुद्रातील तेलाचे उत्पन्न व आमच्या किनाऱ्यावरील अण्वस्त्रधारी पाणबुड्या यांविषयीचा निर्णय आमचा असावा." ऐक्यवादी विचारीत, "नाणे कोणते वापराल? निवृत्तिवेतनाची हमी कोण देईल? युरोपीय संघाचे सदस्यत्व टिकेल काय?" पहिल्यांचा भर मानावर अधिक होता, दुसऱ्यांचा हिशेबावर, तथापि दोघांनाही दोन्ही गोष्टींचा विचार करावाच लागला.

१८ सप्टेंबर २०१४ रोजी मतदान झाले. ८४.६ टक्के मतदारांनी मत दिले. ५५.३ टक्के लोकांनी ऐक्याच्या बाजूने व ४४.७ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. मित्रहो, या मतदानात सोळा व सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही अधिकार दिलेला होता. तुमच्याच वयाच्या विद्यार्थ्यांना आपल्या देशाचे भवितव्य ठरविण्यास हातभार लावावा लागला! रणांगणावर नव्हे, तर मतपेटीपाशी हा वाद लढला गेला, ही गोष्ट आम्हांस निकालाहूनही मोठी वाटते. जे ऐक्य १७०७ मध्ये जनतेस न विचारता झाले, त्यास ३०७ वर्षांनी जनतेची संमती मिळाली.

परंतु कथा येथे संपत नाही. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडमधील ६२ टक्के मते मात्र संघात राहण्याच्या बाजूची होती. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले आणि त्याबरोबर स्कॉटलंडही. ऐक्यात राहिल्याने युरोपीय सदस्यत्व सुरक्षित राहील, असे २०१४ मध्ये सांगण्यात आले होते; तो आधारच निखळला. म्हणून पुन्हा सार्वमताची मागणी पुढे आली. २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लंडनच्या पार्लमेंटच्या संमतीवाचून स्कॉटिश पार्लमेंटला असे सार्वमत घेण्याचा कायदा करता येत नाही.

येथे खरा पेच आहे. दर दोन-चार वर्षांनी घर मोडण्याची भाषा होऊ लागली, तर कोणतेही घर नांदणार नाही. उलट, एकदा दिलेली संमती परिस्थिती पालटल्यावरही कायमची मानली, तर ते ऐक्य न राहता बंधन होते. आमच्या मते, राहणे अथवा निघणे यांपैकी कोणतीही एक गोष्ट स्वभावतःच श्रेष्ठ नाही. प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला गेला काय, लाभहानीचे खरे चित्र लोकांपुढे ठेवले काय, आणि हरलेल्या पक्षाचा मान राखला गेला काय, या तीन कसोट्यांवर अशा निर्णयाची पारख व्हावी. स्कॉटलंडमध्ये ४४.७ टक्के लोक हरले, पण ते दुसऱ्या दिवशीही त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांबरोबर राहणार होते. मोजणी संपल्यावर शेजारधर्म शिल्लक राहिला पाहिजे. तो राहिला तर राहण्याचा निर्णयही शोभतो आणि निघण्याचाही.