अ‍ॅडमिशनच्या टेबलावर बसण्यापूर्वी

जानेवारी उजाडला की खासगी विद्यापीठांच्या जाहिराती दिसू लागतात : ‘अ‍ॅडमिशन कौन्सेलर पाहिजेत. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल. संवादकौशल्य आवश्यक.’ नुकतीच पदवी घेतलेल्या मुलामुलींना ही नोकरी बरी वाटते, आणि मनापासून केली तर ती खरोखर चांगली आहे. पुण्याजवळच्या एका स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात मी हे काम केलं. बारावीनंतरचे प्रवेश माझ्याकडे होते. जे या टेबलावर बसणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

समोर बसलेल्या कुटुंबाला तुम्ही सल्लागार वाटता. संस्थेच्या हिशेबात मात्र तुम्ही विक्रीच्या माणसांमध्ये मोडता. सकाळी फोन नंबरांची यादी मिळते, तिला ‘लीड्स’ म्हणतात. दिवसभर फोन, फॉलो-अप, मधेच थेट आलेले पालक. संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा : किती फोन केले, किती जण कॅम्पस बघायला आले, किती सीट ब्लॉक झाल्या. महिन्याचं टार्गेट असतं, आणि त्यावर इन्सेन्टिव्ह ठरतो. हे नीट ठाऊक असेल तर माणूस सावध राहतो. ठाऊक नसेल तर दोन-तीन महिन्यांत तो पालकांशी टार्गेटच्या भाषेत बोलायला लागतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

मी तिथे एक गोष्ट शिकले. या कामात खोटं बोलल्यामुळे होतं त्याहून जास्त नुकसान न सांगितल्यामुळे होतं.

परभणीकडच्या एका शेतकरी कुटुंबाचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मुलगी ओबीसी प्रवर्गातली, घरचं उत्पन्न बेताचं, सीईटी दिलेली. निकालाच्या आसपास आमच्या एका सहकाऱ्याने कम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट ब्लॉक करून दिली. ‘इथे जागा पक्की आहे, आता कॅपच्या फेऱ्यांमध्ये कशाला अडकता?’ एवढंच तो म्हणाला, आणि त्यांनी कॅपचा अर्ज भरलाच नाही. गणपती झाल्यावर वडील ऑफिसात आले. “मॅडम, पोरींची फी माफ केली म्हणून समदे सांगत्यात. मग आमचीच का नाही?”

राज्य सरकारचा तो निर्णय 8 जुलै 2024 चा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. त्या वडिलांना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा कॅपच्या फेऱ्या संपल्या होत्या. आमच्या सहकाऱ्याचं प्रत्येक वाक्य तपासलं असतं तर एकही खोटं निघालं नसतं. जागा खरंच पक्की होती. ज्या दुसऱ्या रस्त्याने ती मुलगी फीशिवाय शिकू शकली असती, तो रस्ता तेवढा त्याने दाखवला नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, टेबलावर कोणीही बसलं तरी अभ्यासक्रमाचं नाव काढण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रवर्ग कोणता? उत्पन्नाचा दाखला किती रुपयांचा आहे? जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेअर हातात आहे का? कॅपची नोंदणी केली का? नसेल केली, तर आधी ती करायला सांगा. आपल्याकडे प्रवेश घेतला तरी कॅपचा अर्ज भरता येतो, हेही सांगा. शासन निर्णय स्वतः वाचा. मॅनेजरने पाठवलेल्या मेसेजवर विसंबू नका. नियम दर वर्षी बदलतात. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम 2024-25 पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्याची सीईटी सुरू झाली. ते ठाऊक नसल्यामुळे त्या वर्षी कितीतरी मुलं गोंधळली.

दुसरी न सांगितली जाणारी गोष्ट पैशांची. पालकांना पहिल्या वर्षाची फी सांगितली जाते, तीही ‘स्कॉलरशिप’ वजा करून. ती स्कॉलरशिप पुढच्या वर्षी टिकायला किती गुण लागतात, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं. तुम्ही एका कोऱ्या कागदावर चारही वर्षांचा आकडा मांडा : शिक्षण शुल्क, दर वर्षीची वाढ, वसतिगृह, मेस, परीक्षा, डिपॉझिट. पालक कर्ज काढणार असतील तर सांगा की हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होत असले तरी व्याज पहिल्या दिवसापासून धावत असतं. एकूण आकडा बघून काही जण उठून जातील. त्यांना जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी फी न भरता आल्याने शिक्षण सोडावं लागण्यापेक्षा ते बरं.

तिसरी गोष्ट प्लेसमेंटची. दहा मुलांपैकी नऊ जणांना 3 लाखांची आणि एकाला 43 लाखांची नोकरी मिळाली तर सरासरी 7 लाख येते. फलकावर 43 लागतो, बोलण्यात 7 येतो, आणि दहातल्या नऊ मुलांच्या वाट्याला 3 येतात. म्हणून सगळे पगार चढत्या क्रमाने लावून मधल्या विद्यार्थ्याचा आकडा प्लेसमेंट विभागाकडून मागून घ्या. किती जण पात्र होते आणि त्यातल्या किती जणांना ऑफर मिळाली, तेही विचारा. हे आकडे तुम्हालाच मिळत नसतील, तर पालकांसमोर पगाराचा कोणताही आकडा उच्चारू नका.

चौथी गोष्ट प्रवेश रद्द करण्याची. ऑक्टोबर 2018 मध्ये यूजीसीने परताव्याची टप्पेवारी ठरवून दिली. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून पाच टक्के, तेही जास्तीत जास्त 5,000 रुपये, कापता येतात. त्यानंतर 90, 80, 50 टक्के असं प्रमाण उतरत जातं, आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. नंतरच्या काही वर्षांसाठी यूजीसीने वेगळ्या तारखा दिल्या, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक जवळ ठेवा. मूळ कागदपत्रं संस्थेने ठेवून घेऊ नयेत, असंही यूजीसीचं बंधन आहे. शाळा सोडल्याचा दाखला अडकला म्हणून नको असलेल्या कॉलेजात वर्ष काढणारी मुलं मी पाहिली आहेत. मूळ कागद तपासा, झेरॉक्स ठेवा, मूळ त्याच वेळी परत द्या.

आता तुमच्या स्वतःच्या सुरक्षिततेचं. नोकरी स्वीकारताना पगारातला ठरलेला भाग किती आणि इन्सेन्टिव्ह किती, विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला तर इन्सेन्टिव्ह परत घेतात का, सीझन संपल्यावर नोकरी राहते का, हे विचारा आणि नेमणूकपत्रात लिहून घ्या. टोकनचे पैसे स्वतःच्या यूपीआयवर कधीही घेऊ नका, अगदी वरिष्ठांनी सांगितलं तरी नाही. पैसे संस्थेच्या खात्यात, पावती तिथल्या तिथे. ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे घेणं 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. ‘डोनेशन’ची बोलणी करणाऱ्या एजंटबरोबर तुमचं नाव एकदा जोडलं गेलं की ते पुसता येत नाही.

मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोला. आईवडील शेजारी असले की बहुतेक मुलं मान डोलावतात. ते पाणी प्यायला उठले की खरं बोलतात. जून-जुलैमध्ये काही मुलं फार खचलेली असतात. एखादं मूल जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोललं तर प्रवेशाचं बोलणं तिथेच थांबवा, घरच्यांना विश्वासात घ्या आणि टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक द्या. हा फोन मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

एवढं सगळं सांगितलं तर टार्गेट कसं होणार, असं तुम्ही विचाराल. खासगी विद्यापीठ अनेकांना खरंच योग्य असतं. कुणाला हवा तो अभ्यासक्रम तिथेच असतो, कुणी परराज्यातून आलेलं असतं, कुणाला कॅपमध्ये मनासारखी शाखा मिळत नाही आणि घरची फीची तयारी असते. अशा मुलांना सगळं सांगून घेतलेला प्रवेश टिकतो, आणि पुढच्या वर्षी तेच पालक भाच्या-पुतण्यांना घेऊन येतात. माझे बरेचसे प्रवेश अशा ओळखीतूनच झाले.

तरीही तुमची संस्था हे करू देते का, हे लवकर तपासा. पहिल्याच आठवड्यात फीमाफीला पात्र असलेलं एखादं कुटुंब आलं, तर मॅनेजरच्या समोर त्यांना कॅपची माहिती द्या आणि नंतर काय होतं ते बघा. काहीच झालं नाही, तर निर्धास्त काम करा. शिकण्यासारखं भरपूर आहे. ‘हे पुन्हा सांगायचं नाही’ असं तुम्हाला बजावलं गेलं, तर त्याच संध्याकाळपासून दुसरी नोकरी शोधायला लागा, आणि ती मिळेपर्यंत समोर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ते सांगत राहा.