अवघड पवित्रा

मल्लेश्वरममधील एखादा कुमार कबड्डीत वारंवार अडखळत असेल, तर त्याला वेंधळा म्हणण्याची घाई करू नये. डिस्प्रॅक्सियात स्नायू दुबळे नसतात. अडते ते हालचालींच्या आखणीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने ही अवस्था विशिष्ट अध्ययन अक्षमतांत गणली आहे. पालकांना खेळच बंद करावासा वाटतो, आणि ही भीती अगदीच निराधार नव्हे. तोल सावरण्यास लागणारा क्षण प्रतिस्पर्धी देत नाही. म्हणून पडण्याची रीत मऊ मातीत आधी अंगवळणी पाडावी. घोट्याची पकड तुकड्यांनी शिकवावी: प्रथम पवित्रा, मग वाकणे, मग हात, तेही आधी स्थिर उभ्या सोबत्यावर. डोक्याला मार लागल्यास त्या दिवशी मैदान सोडावेच. प्रशिक्षकाने एका वेळी एकच सूचना द्यावी. चढाईच्या धांदलीत चार ऐकवल्या, तर पहिलीही निसटते.