चिडचिड आणि मोडलेले संकल्प : दिनचर्येची साधना



वसंत पंचमीला, गुरुपौर्णिमेला किंवा नवरात्रीच्या पहिल्या दिवशी आपण एखादा संकल्प घेतो. उद्यापासून पहाटे उठेन, रोज तीन माळा जप करीन, घरात आवाज चढवणार नाही. पहिले चार दिवस उत्साहात जातात. पाचव्या दिवशी झोपायला उशीर होतो, सहाव्या दिवशी जाग येत नाही. दहाव्या दिवशी संकल्पाची आठवण आली तरी मन ती बाजूला सारते. त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत असते. आपण घरातल्या माणसांवर खेकसू लागतो. चहा गार झाला, मुलाने तोच प्रश्न दोनदा विचारला, कुणी हाक मारली, एवढे कारण पुरते.

या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धरतो. एकीला ‘माझा स्वभावच तापट’ म्हणतो आणि दुसरीला ‘माझ्यात सातत्यच नाही’. दोन्ही वाक्ये अशी आहेत की त्यांच्यापुढे काही करायचे उरत नाही. या पाठात आपण पाहू की दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे आपल्या अस्ताव्यस्त दिवसात. मूळ एक असेल तर उपायही एकाच ठिकाणी करता येतो.

शास्त्राने जोडलेले दोन धागे

पतंजलींनी योगसूत्राच्या समाधिपादात साधनेतील ९ अंतराय सांगितले आहेत : व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. यातील शेवटचा शब्द आपल्या कामाचा आहे. अनवस्थितत्व म्हणजे एखादी पायरी गाठूनही तिच्यावर टिकून न राहणे. आपला दहाव्या दिवशी सुटणारा संकल्प हाच.

लगेच पुढच्या सूत्रात या अंतरायांबरोबर येणाऱ्या चार गोष्टी दिल्या आहेत : दुःख, दौर्मनस्य, अंगाची अस्थिरता आणि श्वासाची अनियमितता. व्यासभाष्याने दौर्मनस्याचा अर्थ इच्छेत अडथळा आल्यामुळे चित्तात उठणारा क्षोभ असा केला आहे. आपण ज्याला चिडचिड म्हणतो, तिची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण. म्हणजे अस्थिर निष्ठा आणि चिडचिड यांना शास्त्राने शेजारी शेजारीच बसवले आहे. चिडलेल्या माणसाचे हात कसे थरथरतात आणि श्वास कसा वर चढतो, हे आठवून पाहिले की उरलेली लक्षणेही पटतात.

चिडचिड साठते कशी

क्रोध क्षणात येतो, पण त्याचे सरपण दिवसभर गोळा होत असते. सरपणाचे तीन ढीग ओळखून ठेवावेत.

पहिला ढीग शरीराचा. झोप अपुरी, जेवण अवेळी, पाणी प्यायला विसरलेले. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी ध्यानयोग सांगताना आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांच्या प्रमाणाची अट घातली आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. ध्यानाच्या अध्यायात झोपेचा हिशोब यावा, यातच त्याचे महत्त्व कळते.

दुसरा ढीग वस्तूंचा आणि वेळेचा. किल्ली सापडत नाही, डबा भरलेला नाही, सदरा इस्त्री केलेला नाही, बस पाच मिनिटांत येणार आहे. अशा वेळी समोर जो येईल तो आपल्याला अडथळा वाटतो. खरे तर अडथळा रात्रीच तयार झालेला असतो. सकाळी फक्त त्याला माणसाचा चेहरा मिळतो.

तिसरा ढीग मोडलेल्या शब्दांचा, आणि हा सर्वांत जड. इतरांना दिलेला शब्द मोडला तर ते विचारतात, पण स्वतःला दिलेला शब्द मोडला तर कोणी विचारत नाही. तो आत साठून राहतो. स्वतःवर नाराज असलेला माणूस ती नाराजी स्वतःजवळ ठेवत नाही, जवळच्या माणसाकडे सरकवतो.

एक अनुभव

हा पाठ लिहिणाऱ्यालाही हे वाचून समजले नव्हते. मागे एका चैत्र नवरात्रीत २४ हजार जपाचे अनुष्ठान घेतले होते. माळ १०० ची धरली तर ९ दिवस रोज २७ माळा होतात, म्हणजे सुमारे तीन तास. महिना परीक्षेचा होता. रात्री जागून अभ्यास करायचा आणि पहाटे डोळे ओढत आसनावर बसायचे, असे चालले. तिसऱ्या दिवशी १० माळा राहिल्या, त्या चौथ्या दिवसावर ओढल्या. चौथ्याच्या पाचव्यावर गेल्या. वाणिज्य शिकणाऱ्याला उधारी कशी फुगते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पाचव्या दिवशी जपाच्या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला आणि मी आसनावरूनच आईवर ओरडलो. तिने मिक्सर बंद केला, काही बोलली नाही. त्या दिवशी ताटात चटणी नव्हती. मी जप करत होतो सद्बुद्धीसाठी, आणि घरातले माणूस माझ्या जपाला घाबरून पाऊल न वाजवता वावरत होते. सहाव्या दिवशी अनुष्ठान सुटले. त्यानंतर कित्येक दिवस पूजेच्या जागेकडे पाहण्याचेही धैर्य झाले नाही.

चूक २४ हजार या आकड्याची नव्हती. त्या आकड्याखाली दिवसच उभा नव्हता.

मोठा संकल्प कशावर उभा राहतो

पूज्य गुरुदेव पं. श्रीराम शर्मा आचार्य यांनी २४ वर्षे २४ लक्षांची २४ महापुरश्चरणे केली, हे आपण सर्व जाणतो आणि त्या संख्येपुढे हात जोडतो. पण तिचा भागाकार करून पाहावा. वर्षाला २४ लक्ष म्हणजे दिवसाला साधारण ६६ माळा, सुमारे सहा तास. पुढे लेखन, पत्रे, भेटायला येणारे लोक हे सर्व वेगळे. हे एका दिवसाच्या आवेशाने होणारे काम नव्हे. उठण्याची वेळ, आहार आणि बैठक ठरलेली असल्यामुळे ते झाले. आपल्याला ६६ माळा करायच्या नाहीत. मात्र ज्या पायावर त्या उभ्या होत्या, तो पाया आपल्यालाही घालता येतो.

पतंजलींनी अभ्यास दृढ होण्याच्या अटी सांगितल्या आहेत : दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक. मोठ्या संख्येची अट त्यात नाही.

दिवसाची मांडणी

१. तीन खुंट्या ठोका. उठणे, मुख्य जेवण आणि झोपणे या तीन वेळा आधी पक्क्या करा. बाकीचा दिवस त्यांना बांधता येतो. सुरत किंवा इंदूरला पाळीने काम करणाऱ्या परिजनांची वेळ दर आठवड्याला बदलते, तान्हे मूल असलेल्या आईची तर रोज. त्यांनी घड्याळाऐवजी क्रम धरावा : उठल्यावर आधी काय, आंघोळीनंतर काय, झोपण्यापूर्वी काय. क्रम न मोडणे हीदेखील नियमितताच आहे.

२. संकल्प लहान घ्या. आजारपणात, प्रवासात, पाहुणे आले असतानाही जमेल एवढाच. एक माळ, एक पान स्वाध्याय. ज्या दिवशी मन प्रसन्न असेल त्या दिवशी जास्त करावे, पण संकल्प वाढवू नये.

३. सकाळ रात्रीच तयार करा. कपडे, डबा, किल्ली, आसन, माळ जागेवर. रात्रीची ही १० मिनिटे सकाळचे कितीतरी शब्द वाचवतात. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात, शिकवण निरूपणाच्या समासात, पहाटे उठण्यापासूनचा दिनक्रम साध्या शब्दांत सांगितला आहे. परमार्थाच्या ग्रंथात त्यांना तो सांगावासा वाटला, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

४. आत्मबोध आणि तत्त्वबोध सोडू नका. अंथरुणात डोळे उघडताच आजचा दिवस हा नवा जन्म समजून त्याचा आराखडा करणे, आणि रात्री त्याचा निरोप घेताना हिशोब पाहणे, ही आपल्या परिवारातील साधना परिचयाची आहे. दुकानदार रोजमेळ रोज रात्री जुळवतो. महिन्याने जुळवायला बसला तर कोणता पैसा कुठे गेला हे त्यालाही आठवत नाही.

५. चिडचिडीची नोंद ठेवा. वहीत चारच गोष्टी लिहा : किती वाजता, कोणावर, शेवटचे खाणे केव्हा, आदल्या रात्री झोप किती. आपण किती वाईट आहोत हे लिहू नये. पंधरा दिवसांनी वही पाहिली की पुष्कळांना आढळेल, की आपला स्वभाव दिवसभर तापट नसतो, तो ठरावीक वेळीच तापतो. मग त्या वेळेपूर्वी चार घास खाणे किंवा पाच मिनिटे शांत बसणे एवढाही उपाय पुरू शकतो.

६. बाकी पुढे ओढू नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याच्या फंदात पडू नका. चूक वहीत लिहा, क्षमा मागा आणि आजचे आजच करा. ठरवून घेतलेल्या अनुष्ठानात खंड पडला तर मार्गदर्शकांना विचारावे. पण रोजच्या नियमात उधारी नको.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी स्वतःत १३ गुण आणण्यासाठी अशीच एक वही केली होती. दर आठवड्याला एका गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे आणि चूक झाली की त्या रकान्यात ठिपका काढायचा. व्यवस्थितपणा हा गुण त्यांना सर्वांत जड गेला, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केले आहे. तरीही या प्रयत्नामुळे आपण आधीपेक्षा चांगले आणि सुखी झालो, असे त्यांनी नोंदवले. वहीतले ठिपके पाहून निराश होणाऱ्यांनी हे आठवावे.

एक सावधगिरी

दिनचर्या ही साधना आहे, शस्त्र नाही. ‘माझ्या जपाची वेळ झाली’ हे वाक्य घरात धाक म्हणून वापरले जाऊ लागले, की समजावे, दौर्मनस्य आता देवघरात येऊन बसले आहे. मूल रडले, दारी कोणी आले, वृद्धांना औषध हवे असले, तर उठावे. ते काम आराधनेचेच आहे. परत येऊन शांतपणे माळ पुढे न्यावी. घरातील माणसे आपल्याशी मोकळेपणाने बोलू लागली आहेत का, ही आपल्या साधनेची खरी परीक्षा.

तसेच झोप, जेवण सुधारूनही चिडचिड, उदासी किंवा थकवा आठवडेच्या आठवडे राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. पतंजलींनी अंतरायांत पहिले नाव व्याधीचे घेतले आहे. आजारावर उपचार घेण्यात साधनेची कमतरता नसते.

मी पुढे एक माळ धरली, तीही सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर. आईला आधी विचारले, ‘तुझे वाटणघाटण केव्हा उरकते?’ ती म्हणाली, ‘साडेसात.’ तेव्हापासून वेळ पावणेआठची आहे. अधूनमधून चुकते, वहीत ठिपका पडतो. पण चटणी रोज असते.

या आठवड्याचा अभ्यास

- माझ्या तीन खुंट्या कोणत्या, आणि त्यांतील कोणती सर्वांत ढिली आहे?
- गेल्या आठवड्यात मी कोणावर चिडलो? त्यामागे तीनपैकी कोणता ढीग होता?
- आजारी असतानाही पाळता येईल असा माझा सर्वांत लहान संकल्प कोणता?
- माझ्या साधनेच्या वेळेबद्दल मी घरातल्यांना एकदा तरी विचारले आहे का?

उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि पुढच्या साप्ताहिक स्वाध्यायाला येताना वही बरोबर आणावी. माता गायत्री आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो, आणि ती सद्बुद्धी आधी आपल्या घरच्यांना जाणवो, हीच प्रार्थना.