रोजची हालचाल आणि हृदयाचे बळ

बेंगळुरूच्या लालबागेत दररोज पहाटे अनेक नागरिक फिरावयास येतात. परंतु ज्यांना पोटापाण्याच्या कामातून अशी सवड मिळत नाही, त्यांनी काय करावे?

प्रथम एक भेद लक्षात घ्या. हालचाल ही कृती होय. हृदय व फुप्फुसे यांची क्षमता हे तिचे फळ होय. श्रम करताना स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो, म्हणून हृदयाची गती वाढते. नित्य सरावाने हृदय एकाच ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. रमतगमत चालण्याने मात्र ही क्षमता फारशी वाढत नाही.

1953 साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले.

प्रौढांनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2020 च्या तिच्या सूचनांनुसार थोड्या थोड्या वेळाचे श्रमही उपयोगी ठरतात. म्हणून मेट्रो स्थानकाचा जिना चढा. एक थांबा आधी उतरून भरभर चाला. बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढी गती ठेवा. छातीत दुखू लागल्यास थांबा व त्वरित वैद्यकीय मदत घ्या.

विचार करा : तुमच्या कोणत्या रोजच्या कामात श्वास जलद होतो?