व्हर्जन नंतर बघा, आधी मालक शोधा

उबुंटू २२.०४ चालणाऱ्या सर्व्हरवर पायथनचं क्रिप्टोग्राफी हे पॅकेज ‘सुडो पिप’ने अपग्रेड केलं, की पुष्कळदा भलतंच काहीतरी कोसळतं. ट्रेसबॅकमध्ये नाव येतं पायओपनएसएसएलच्या एका फाइलचं. ‘सीबी इश्युअर चेक’ने संपणारा एक लांबलचक स्थिरांक सापडत नाही, अशी तिची तक्रार असते. पायओपनएसएसएलला तर कुणी हातही लावलेला नसतो. त्यात पिपसुद्धा सुरू होताना तेच पॅकेज लोड करायला जातं आणि तिथेच आडवं होतं, म्हणजे दुरुस्तीचं हत्यारच मोडलं. अशा वेळी बहुतेक जण व्हर्जनचे आकडे फिरवत बसतात: हे खाली आण, ते वर ने, जमलं तर जमलं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. लोड झालेली फाइल कोणत्या फोल्डरमधली आणि ती तिथे कुणी ठेवली, हे कळेपर्यंत एकाही आकड्याला हात लावू नये.

वरच्याच उदाहरणाची उकल बघा. एपीटीने दिलेलं पायओपनएसएसएल २१.० हे एपीटीच्याच क्रिप्टोग्राफी ३.४.८ शी जुळवलेलं असतं. दोन्ही ‘यूएसआर’खालच्या ‘लिब’मधल्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये नांदतात. ‘सुडो पिप’ मात्र नवी प्रत ‘यूएसआर-लोकल’खालच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये टाकतं, आणि पायथन ते फोल्डर आधी धुंडाळतं. जुनी प्रत पुसली जात नाही, फक्त झाकली जाते. इन्स्टॉल होताना पिप ‘नॉट अनइन्स्टॉलिंग… आउटसाइड एन्व्हायर्नमेंट’ अशी ओळ छापून तसं सांगतंही, पण ती कोण वाचतो? परिणामी जुन्या पायओपनएसएसएलच्या हाती नवं क्रिप्टोग्राफी पडतं आणि त्यातून तो स्थिरांक कधीच काढून टाकलेला असतो. एकाच जमिनीचे दोन सातबारे निघावेत तशी ही गत: डीपीकेजीच्या दप्तरी सगळं आलबेल, पिपच्या दप्तरीही बहुधा तसंच, आणि भांडण प्रत्यक्ष बांधावर.

म्हणून तपास असा करावा. ज्या पायथनने प्रोग्रॅम चालतो त्याच पायथनमध्ये ते मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याचं ‘फाइल’ हे गुणधर्म-मूल्य छापावं. पूर्ण पाथ मिळतो. तो पाथ ‘डीपीकेजी वजा मोठा एस’ला द्यावा. पॅकेजचं नाव आलं तर मालक एपीटी, नाही आलं तर बहुधा पिप किंवा हाताने केलेली कॉपी. ‘पायथन३ वजा एम साइट’ने शोधाचा क्रम दिसतो. पिपही याच पद्धतीने, ‘पायथन३ वजा एम पिप’ असंच चालवावं, कारण नुसतं ‘पिप’ कोणत्या पायथनचं आहे याची खात्री नसते. मालक कळला की उपाय उघड असतो: ‘यूएसआर-लोकल’मधली झाकणारी प्रत काढायची. पिपच चालत नसेल तर त्या पॅकेजचं फोल्डर आणि शेजारचं ‘डिस्ट-इन्फो’ हाताने हलवायचं, पण फक्त ‘यूएसआर-लोकल’मधलं. एपीटीच्या फोल्डरमध्ये काही उडवलं असेल तर एपीटीनेच ते पॅकेज रीइन्स्टॉल करावं.

यावर नेहमीचा आक्षेप: मशीन माझं, मग लायब्ररी कुठे टाकायची हे डेबियनने का ठरवावं? कारण सिस्टिमचं पायथन तुमच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेलंच नाही. यूएफडब्ल्यू, अनअटेंडेड-अपग्रेड्स, क्लाउड-इनिट, ॲड-एपीटी-रिपॉझिटरी ही सगळी पायथनचीच मंडळी आणि त्याच फोल्डरांवर विसंबलेली. पायवायएएमएल ६.० पासून ‘लोड’ला लोडर सांगणं सक्तीचं झालं, हे व्हर्जन सिस्टिमभर पसरवलं की ५.४ च्या भरवशावर लिहिलेली स्क्रिप्ट ‘टाइप एरर’ देऊन बसते. पेप ६६८ प्रमाणे जून २०२३ च्या डेबियन १२ ने पिपला सिस्टिमच्या पायथनपुढे ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवायला सुरुवात केली, ती यासाठीच. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन ती अडवणूक ओलांडता येते. पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलेला आहे, तरी लोक तो बिनदिक्कत चिकटवतात. एकाच प्रोग्रॅमसाठी उभ्या केलेल्या आणि उद्या फेकून द्यायच्या कंटेनरमध्ये ते खपेल. चालत्या सर्व्हरवर नाही; तिथे आपल्या प्रोग्रॅमच्या लायब्रऱ्या वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येच टाकाव्यात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं की त्यातल्या लायब्ररीला एपीटीचे सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत. हे खरं आहे आणि त्यावर पळवाट नाही. वेगळं घर मांडलं की त्याची डागडुजीही आपलीच. म्हणूनच एपीटीमधलं व्हर्जन भागत असेल तर तेच वापरावं, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन. जागा जास्त लागते हा तिसरा आक्षेप मात्र आजच्या डिस्कांवर फारसा टिकत नाही.

खरी कोंडी होते ती काही लायब्रऱ्या एपीटीमधूनच घ्याव्या लागतात तिथे. रोबोटिक्समधलं रॉस २ हम्बल उबुंटू २२.०४ वर एपीटीच्या नमपाय १.२१ शी बांधलेलं आहे. त्यावर जून २०२४ मध्ये आलेलं नमपाय २ पिपने ओढलं, की नमपाय १ वर कंपाइल झालेली मॉड्यूल चालणार नाहीत असा इशारा येतो आणि कॅमेऱ्याच्या प्रतिमा बदलून देणारा पूल तुटतो. रास्पबेरी पायवर पायकॅमेरा२ चीही तऱ्हा साधारण अशीच. इथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ‘सिस्टिम साइट पॅकेजेस’सह बनवावं आणि नमपाय २ च्या खाली राहील अशी अट पिपला घालावी. मात्र या पर्यायाने सिस्टिमच्या फोल्डरांसोबत तुमच्या होममधलं ‘डॉट लोकल’ही आत येतं, आणि शोधाच्या क्रमात ते एपीटीच्या पुढे उभं राहतं. कधीकाळी सुडोशिवाय केलेले पिप इन्स्टॉल तिथेच साठलेले असतात. पायथनला ‘वजा छोटा एस’ दिलं की ते फोल्डर वगळलं जातं. तुमच्या लॉगिनवर चालणारा प्रोग्रॅम रूटच्या क्रॉनमध्ये ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणाला, तर पहिला संशय याच फोल्डरवर घ्यावा, कारण रूटचं होम वेगळं असतं.