आकड्याचा अर्थ

ब्रिटिश टपाल खात्यात डोनाल्ड मॅकॅडी नावाचे एक अभियंते होते. विजेचा दाब, प्रवाह आणि रोध मोजण्यासाठी त्यांना निरनिराळी यंत्रे बाळगावी लागत. तिन्ही कामे एकाच यंत्राने व्हावीत, या त्यांच्या कल्पनेतून १९२३ साली एक मापक तयार झाले. आजचा मल्टीमीटर हा त्याचाच वंशज होय. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपियरमध्ये आणि रोध ओहममध्ये मोजतात.

यंत्र आकडा दाखविते. अर्थ मात्र मनुष्यानेच लावावयाचा असतो. समजा, दोन सेलांची व तारेच्या दिव्याची एक विजेरी पेटत नाही. प्रथम दिवा काढून त्याचा रोध मोजावा. थोडे ओहम दिसले, तर आतील तार शाबूत आहे. काही मीटरांवर डावीकडे एकटाच '१' दिसतो, तर काहींवर 'ओ एल' ही अक्षरे उमटतात. तो एक ओहम नव्हे! रोध मोजमापाच्या मर्यादेपलीकडे आहे, असा त्याचा अर्थ. मीटर सर्वांत मोठ्या मापावर ठेवूनही तेच दिसले, तर तार तुटली आहे असे समजावे.

दिवा चांगला असेल, तर सेल तपासावेत. नव्या सेलचा दाब सुमारे १.५ व्होल्ट असतो. पण नुसता सेल मोजून भागत नाही. कारण मीटर त्याच्याकडून अत्यल्प प्रवाह घेतो. थकलेला बैलही गोठ्यात ताठ उभा राहतो. त्याचे बळ गाडीला जुंपल्यावरच कळते! म्हणून सेलला दिवा जोडून, तो जोडलेला असतानाच दाब मोजावा. आकडा झरकन १ व्होल्टच्या खाली उतरला, तर सेल संपला आहे. तो फारसा ढळला नाही, तर सेल निर्दोष आहे. दोष विजेरीच्या बटणात किंवा गंजलेल्या पट्टीत शोधावा. अशा वेळी चांगला सेल फेकून देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणेच होय!

ही परीक्षा केवळ लहान सेलांवरच करावी. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. तो प्राणघातक ठरतो.

मापन करण्यापूर्वी आपण काय विचारीत आहोत, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच आकड्याचे उत्तर समजते.

स्वाध्याय
१. सेलला दिवा जोडूनच दाब का मोजावा?
२. मीटरवर एकटाच '१' दिसला, तर तुम्ही काय कराल?