मंत्रिपद आणि आघाडी सरकार : दोन नामांतरांचा धडा

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीबरोबरच माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांना उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासविषय असावा, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावातही निवडणुकीनंतर पारावर, एस.टी. थांब्यावर एकच चर्चा चालते : कोणाला मंत्रिपद मिळाले, कोणाचे हुकले, कोणाला कोणते खाते मिळाले. या चर्चेत ‘आपला माणूस मंत्री झाला’ याचा आनंद मोठा असतो. परंतु त्या मंत्रिपदातून पुढे काय निष्पन्न झाले, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. आघाडी सरकारांच्या इतिहासातून याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

१. राज्यघटना काय सांगते?

राज्याच्या मंत्रिमंडळाची तरतूद राज्यघटनेच्या १६३ व १६४ या अनुच्छेदांत आहे. मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात आणि अन्य मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने होते. मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. याचा अर्थ असा, की बैठकीत मतभेद कितीही असोत, निर्णय झाल्यावर तो सर्वांचा असतो. ज्या मंत्र्याला तो मान्य नसेल त्याने पद सोडावे, हा संसदीय संकेत आहे. एका पक्षाच्या सरकारात हा संकेत पाळणे तुलनेने सोपे असते. आघाडीत मात्र निरनिराळ्या ध्येयधोरणांचे पक्ष एकाच मेजाभोवती बसलेले असतात. म्हणूनच आघाडीचे पक्ष समान किमान कार्यक्रम लिहून काढतात.

‘उपमुख्यमंत्री’ हे पद राज्यघटनेत कोठेही नाही. घटनेच्या दृष्टीने उपमुख्यमंत्री हा इतर मंत्र्यांसारखाच एक मंत्री होय. आघाडीतील दुसऱ्या पक्षाचा मान राखण्यासाठी हे पद रूढ झाले. खात्यांचे वाटपही मुख्यमंत्र्यांच्या अधिकारातले. परंतु आघाडीत ते प्रत्यक्षात वाटाघाटींतून ठरते. गृह, अर्थ, महसूल, नगरविकास, जलसंपदा या खात्यांसाठी ओढाताण होते. सामाजिक न्याय खात्यासाठी तशी ओढाताण क्वचितच ऐकू येते. वसतिगृहे, शिष्यवृत्ती, निवासी शाळा यांच्याशी आपल्या मुलांचे भवितव्य ज्या खात्यामुळे जोडलेले आहे, त्याची राजकीय बाजारातील किंमत अशी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२. बाबासाहेबांचे मंत्रिपद

मंत्रिपदाचे मोल कसे करावे, याचा पहिला वस्तुपाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीच घालून दिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी अधिकारावर आलेल्या पं. नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते कायदामंत्री झाले. आजच्या अर्थाने ते आघाडी सरकार नव्हते. काँग्रेसला संख्याबळासाठी कोणाची गरज नव्हती. तरीही राष्ट्रउभारणीच्या काळात काँग्रेसबाहेरच्या व्यक्तींना सामावून घ्यावे, हा विचार त्यामागे होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब, हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी आणि शीख समाजाचे सरदार बलदेवसिंग हे एकाच मंत्रिमंडळात बसले.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्याची कारणे त्यांनी निवेदनात सविस्तर मांडली. केवळ कायदा खात्यावर आपले समाधान नव्हते, नियोजनासारखे खाते मिळण्याची अपेक्षा होती, ही गोष्ट त्यांनी त्यात लपविली नाही. अनुसूचित जातींच्या स्थितीकडे होणारे दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरणाविषयीचे मतभेद त्यांनी नोंदविले. अखेरचे कारण होते हिंदू कोड बिल. स्त्रियांना विवाह, वारसा आणि घटस्फोट यांबाबत न्याय देणारे ते विधेयक सरकारने बाजूला ठेवले, तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली.

पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. १९५५ आणि १९५६ या वर्षांत विवाह, वारसा, अज्ञान व पालकत्व, दत्तक व निर्वाह असे चार स्वतंत्र कायदे संसदेने संमत केले. ज्या मंत्र्याने त्यासाठी पद सोडले तो तेव्हा मंत्रिमंडळात नव्हता. त्याचे काम मात्र कायद्याच्या रूपाने उभे राहिले. आमच्या मते मंत्रिपद मोजण्याचे माप येथे सापडते.

३. महाराष्ट्रातील आघाड्यांची वाटचाल

१ मे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्रात काँग्रेसचेच एकपक्षीय सरकार होते. आणीबाणीनंतर काँग्रेस दुभंगली. १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. एकूण जागा २८८. बहुमत कोणालाच नाही. दोन्ही काँग्रेसनी एकत्र येऊन मार्चमध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार बनविले आणि नासिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. काही महिन्यांतच शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजेच ‘पुलोद’चे सरकार आले. उपमुख्यमंत्रिपद मराठवाड्याच्या सुंदरराव सोळंके यांच्याकडे गेले. जनता पक्ष आणि शेतकरी कामगार पक्ष यात सहभागी होते. शेकापचे प्रा. एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख याही आघाडीत आणि पुन्हा १९९९ च्या आघाडीतही मंत्री होते. लहान पक्षाला मंत्रिमंडळाचे दार उघडते ते बहुधा आघाडीतच, हे यावरून दिसते.

१९९५ मध्ये शिवसेनेला ७३ व भाजपला ६५ जागा मिळाल्या. अपक्षांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांनाही मंत्रिपदे मिळाली. १९९९ मध्ये परस्परांविरुद्ध लढलेले काँग्रेस (७५) आणि राष्ट्रवादी काँग्रेस (५८) निकालानंतर एकत्र आले आणि लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. याच आघाडीच्या काळात, जानेवारी २००३ मध्ये, सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. २००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. तरीही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिले आणि त्या बदल्यात राष्ट्रवादीने उपमुख्यमंत्रिपदासह मंत्रिपदांचा मोठा वाटा घेतला. सर्वोच्च पद सोडून अधिक खाती घेणे, हाही आघाडीच्या गणिताचा एक प्रकार होय.

४. पहिले नामांतर : विद्यापीठाचे

पुलोद सरकार सत्तेवर येऊन नऊ दिवस झाले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा पाया बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढून भक्कम केला होता. त्या ऋणाची ही नोंद होती.

ठराव झाला आणि मराठवाड्यात आगडोंब उसळला. गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, कुटुंबे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. आमच्या वाचकांतील अनेक वयोवृद्धांनी तो काळ स्वतः भोगला आहे. त्याचे वर्णन येथे वाढविण्याची गरज नाही. सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबविली. फेब्रुवारी १९८० मध्ये पुलोद सरकार बरखास्त झाले तेव्हा ठराव होता तेथेच होता.

हा दोष आघाडीच्या दुबळेपणाचा होता, असे म्हणून भागत नाही. १९८० नंतर पुन्हा एकपक्षीय, भक्कम बहुमताची सरकारे आली. मुख्यमंत्री अनेक झाले. ठराव मात्र कागदावर राहिला. बहुमत नव्हते म्हणून काम अडले, हा बचाव तेथे लागू पडत नाही. १९७९ च्या लाँग मार्चपासून सत्याग्रह, तुरुंगवास आणि बलिदान यांची मालिका चालू राहिली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव मिळाले. ठराव ते अंमलबजावणी हे अंतर साडेपंधरा वर्षांचे होते, आणि ते रस्त्यावरच्या माणसांनी कापले.

५. केंद्रातील अकरा महिने

याच्या उलट उदाहरण केंद्रातले आहे. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे राष्ट्रीय आघाडीचे सरकार आले. ते अल्पमतात होते. एका बाजूने भाजप आणि दुसऱ्या बाजूने डावे पक्ष बाहेरून पाठिंबा देत होते. ते जेमतेम अकरा महिने टिकले.

तरीही त्या अल्पायुषी सरकारच्या काळात बाबासाहेबांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ मिळाले. मंडल आयोगाच्या शिफारशींवर निर्णय झाला. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९९० मध्ये संसदेने अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात कायद्याने दुरुस्ती केली. मूळ आदेशाने हिंदू धर्माबाहेरील व्यक्तीला अनुसूचित जातीचा मानले नव्हते. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना शिक्षण व नोकरीच्या सवलती पूर्वीच दिल्या होत्या. परंतु केंद्रीय सेवा आणि राखीव मतदारसंघ यांची दारे कायद्याने उघडली ती या दुरुस्तीने. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेली एक अख्खी पिढी त्या दारापाशी थांबली होती.

ते सरकार नोव्हेंबर १९९० मध्ये पडले. दुरुस्ती मात्र टिकली, कारण ती कायदा होती. पुलोदचा ठराव सरकारबरोबर अडकून पडला, कारण त्याच्या अंमलबजावणीची तरतूद झाली नव्हती. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे सरकारचे आयुष्य आणि कामाचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

६. दुसरे नामांतर : जिल्ह्याचे

आपल्या जिल्ह्याच्या नावाचा इतिहासही आघाडी सरकारांशी निगडित आहे. २९ जून २०२२ रोजी महाविकास आघाडी मंत्रिमंडळाच्या अखेरच्या बैठकीत उस्मानाबादचे नाव धाराशिव करण्याचा निर्णय झाला. त्याच रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. नव्या सरकारने १६ जुलै रोजी हाच निर्णय पुन्हा घेतला. त्या वेळी मंत्रिमंडळात मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस असे दोघेच होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्यासाठी अधिसूचना निघाली. म्हणजे सव्वा वर्षात काम पूर्ण झाले. या निर्णयाच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देणे हा लेखाचा विषय नाही. सरकारे बदलली तरी राजकीय इच्छाशक्ती असेल तर नामांतराला किती काळ लागतो, एवढेच विद्यापीठाच्या नामांतराशी ताडून पाहावे.

दोन मंत्र्यांचे ते मंत्रिमंडळ सुमारे ४० दिवस चालले. ९ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचा विस्तार झाला. येथे २००३ ची एक्याण्णवावी घटनादुरुस्ती आठवते. तिच्यापूर्वी आघाडी टिकविण्यासाठी मंत्र्यांची संख्या हवी तेवढी वाढविली जाई. उत्तर प्रदेशात तर ती नव्वदीच्या पुढे गेली होती. दुरुस्तीने मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांहून अधिक नसावी आणि राज्यात १२ हून कमी नसावी, अशी मर्यादा घातली. महाराष्ट्रात कमाल संख्या ४३ होते. मंत्रिपदे मोजकी झाली, तेव्हापासून महामंडळांची अध्यक्षपदे ही नाराजांची समजूत काढण्याची जागा होऊन बसली आहे.

७. निष्कर्ष

राज्यघटनेचे काम पूर्ण होत असताना, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, बाबासाहेबांनी बौद्ध भिक्खुसंघाच्या सभानियमांचे स्मरण करून दिले होते. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान यांची शिस्त संघात होती. ती या भूमीला परकी नव्हती. मतभेद असणाऱ्यांनी नियमाने एकत्र बसणे, हेच आघाडीचेही मर्म आहे. आघाडी सरकार म्हणजे केवळ संधिसाधूपणा, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. लहान समाजाला आणि लहान पक्षाला त्यात शब्द टाकता येतो. पण शब्द टाकून थांबले तर हाती फक्त सरकारी गाडी येते आणि सरकारबरोबर तीही जाते.

आमच्या विद्यार्थ्यांना व माजी विद्यार्थ्यांना आम्ही तीन प्रश्न विचारावयास सांगतो. कोणीही मंत्री होवो, त्याने कोणत्या अटीवर पद स्वीकारले? त्याच्या खात्यातून कोणती गोष्ट कायद्यात, नियमात किंवा अंदाजपत्रकात उतरली? आणि ती गावापर्यंत, वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचली काय? शिष्यवृत्ती वेळेवर आली की नाही, वसतिगृहाचे अनुदान मिळाले की नाही, हे मंत्रिपदाच्या परीक्षेचे खरे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरपत्रिका तपासण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे.

विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर आज बाबासाहेबांचे नाव आहे. ते नाव एका ठरावाने सुचविले आणि हजारो सामान्य माणसांनी साडेपंधरा वर्षे झिजून प्रत्यक्षात आणले. सरकार कोणाचेही असो, मागे लागून काम तडीस नेणारा समाज जागा असला पाहिजे. तो जागेपणा मुलांच्या अंगी बाणविणे, हे आमच्यासारख्या निवासी शाळांचे काम आहे, असे आम्ही मानतो.